शेठच्या खुर्चीतला फोटो

निजामपुऱ्यात आमच्या कापडाच्या लूमच्या कारखान्याबाहेर सकाळी चहा आला की कोणी कुठं बसायचं हे सांगावं लागत नसे. शेठ खुर्चीवर, मुकादम बाकड्यावर, आम्ही लूम चालवणारे उकिडवे. सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायका उभ्याच, त्यात माझी बायको पण. गठ्ठे उचलणारे डोंगराकडचे लोक गटारापलीकडं, मातीत.

एक दिवस शेठ आला नव्हता. माझे पाय दुखत होते. बसलो त्याच्या खुर्चीत, दोन मिनिटं. मुंबईचा एक कॅमेरावाला आठवडाभर गल्लीत फिरत होता, त्यानं नेमका तेव्हाच फोटो काढला.

मुकादम मला बघून हसला. "क्या शेठ, आज छुट्टी दो ना!"

कॅमेरावाल्याला विचारलं, याचं काय करणार? म्हणाला, "पेपरात देईन बहुतेक."

संपलं. ड्युटीवर सूत तुटलेलं दिसेना. वाचता जेमतेम येतं, पण रोज चहावाल्याकडचा पेपर उलटा-सुलटा करून फोटो बघायचो. शेठ खोकला तरी वाटायचं, आता काढतो मला.

पेपरात काही आलं नाही. तो भला माणूस फोटो घेऊन स्वतःच आला आणि शेठच्या हातात दिला. शेठनं मला बोलावलं. मी फोटो पाहिला. इतकी वर्षं तिथं चहा प्यालो, पण कोण कुठं असतो ते त्या कागदावर दिसलं. सगळे आपापल्या जागी. चुकीच्या जागी मी एकटा.

"ये कौन बैठा है?"

बायको कांड्या टाकून धावत आली, केसांत कापूस तसाच. "शेठ, त्यांना चक्कर आलेली. मीच बसवलं."

शेठ नरमला, पण घाबरला. "चक्कर? लूमच्या पट्ट्यात हात गेला तर?" नोकरी राहिली. माझ्याकडं चार लूम होते, दोन काढून दुसऱ्याला दिले; मजुरी निम्मी झाली.

घरी मी तिच्यावर ओरडलो. "दुसरं काही सुचलं न्हाय तुला?"

"तुमी तोंड उघडलं असतं तर मी कशाला बोलले असते? जेवा आता."

ती वारली त्याला आता वर्ष झालं. त्या भांडणाच्या रात्री मी न जेवताच ताटावरून उठलो. आमच्यात पुरुष जेवल्याशिवाय बाई जेवत नाही. ती तशीच उपाशी झोपली, आणि मला ते माहीत होतं.