पुलाखालचं खळं

स्कूटी चालवणाऱ्या बाईच्या अंगावर लोक काय काय उडवतात, हे कोणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. खर्ऱ्याची, म्हणजे सुपारी-तंबाखूची, पिचकारी तर रोजचीच. पुढच्या जीपच्या खिडकीतून मान बाहेर आली की माझा हात आपोआप ब्रेकवर जातो. चूळ भरून फेकलेलं पाणी, केळाची सालं, शेंगांची टरफलं. एकदा वऱ्हाडाच्या गाडीतून उलटी आली ती थेट माझ्या ओढणीवर. गाडी थांबली नाही. ओढणी मी तिथंच फेकून दिली आणि घरी जाऊन दोनदा अंघोळ केली. शी! अजून आठवलं की घास गिळवत नाही.

मी मेहकरला नोकरी करते. माहेर साखरखेर्ड्याच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडं आत. तिथं माझी माय, भाऊ आणि भावजय. तिकडे जायला दोन रस्ते आहेत, एक वरचा आणि एक खालचा. वरचा म्हणजे नवा द्रुतगती मार्ग. गावाच्या डोक्यावरून जातो. त्याच्यावर म्हणे पोटातलं पाणी हलत नाही. पण चढायच्या जागी फलक आहे. दुचाकी, ट्रॅक्टर, बैलगाडी, सगळ्यांवर लाल रेघ. आम्हाला खालचा. वरच्यासाठी मुरूम-गिट्टी वाहणारे टिप्पर खालच्यावरूनच धावले, त्याची पार चाळण करून गेले, आणि वरचा झाल्यावर खालच्याकडे पाहायला कोणी आलं नाही.

मागच्या वर्षी, हरभरा काढायच्या दिवसांत, मायच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू मेहकरला काढला. दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली, काळा चष्मा दिला. डॉक्टरांनी बजावून सांगितलं, धक्का नको, धूळ नको, खोकला-उलटी नको, आणि काही झालं तरी डोळा चोळायचा नाही. मी म्हटलं, माझ्याकडेच राहा. पण माय कसली ऐकते!

"हरभरा पडला तिकडं, अन् मी इथं पलंगावर बसून राहू काय? मले घरी ने."

मायला बंद गाडी लागते. बसमध्ये बसली की वळणावर पोट उलटं होतं. उलटीचा जोर डोळ्यावर येणार. म्हणून स्कूटी. तिच्या डोक्याभोवती मी ओला पांढरा दुपट्टा गुंडाळला, चष्म्याच्या दोन्ही बाजू दाबून बसवल्या, आणि सांगितलं, "माझ्या पाठीला तोंड लावून बस. दुपट्टा उघडू नको."

"हाव," ती म्हणाली. "तू फक्त हळू चाल व माय."

इतक्या हळू मी कधीच गाडी चालवली नाही. खड्डा दिसला की पाय टेकवायचे, गाडी चालतच पलीकडे न्यायची. मागून ट्रक भोंगा वाजवून जीव घ्यायचे. एका ढाब्यासमोर पिकअप अंगावर चढून आली, ड्रायव्हरनं तोंडातला सगळा लाल मुद्देमाल बाहेर सोडला, आणि मी कोपर वर करून तो झेलला. मायपर्यंत थेंब जाऊ दिला नाही. माझी बाही कोपरापर्यंत लाल झाली होती आणि तिला तंबाखूचा तो घाण गोड वास. मेल्या, तुझ्या आईला घेऊन जात असतास तर?

भावाचा फोन आला. "ताई, खालून काऊन येऊन राह्यली? फाट्याच्या पुढं लोकाईनं तार तोडली हाय. तिथून गाडी चढव, वरून ये. मायले धक्का बसनार नाई."

खोटं कशाला सांगू, मी त्या फटीपाशी थांबले. कुंपणाची जाळी कापून मागं दुमडलेली, मातीत चाकांच्या चाकोऱ्या. वर ती पांढरी सिमेंटची फरशी चकचकत होती. तेवढ्यात एका मोटारसायकलवर तीन बाप्ये उलट्या दिशेनं आले आणि फटीतून धाडकन खाली उतरले. एकाच्याही डोक्यात हेल्मेट नाही. मधल्याच्या कानाला फोन. मागचा उतरता उतरता फलकावर थुंकला. मला शिसारी आली. यांच्यासारखं व्हायचं?

मायनं न बघताच ओळखलं. म्हणाली, "जिथं नाई म्हनते तिथं कायले जा लागते? चाल खालूनच."

आम्ही खालून गेलो. ऊन डोक्यावर आलं. दुपट्टा वाळला की बाटलीतलं पाणी टाकून पुन्हा भिजवायचा. वरच्या रस्त्याच्या कडेनं जाताना वरून काहीतरी आलं आणि आमच्या पुढ्यात फुटलं. लहान मुलाचा लंगोट, भरलेला. गाडीत थंड हवेत बसलेल्या कोणा आईनं काच खाली करून टाकलेला. खाली माणसं आहेत हे त्यांच्या गावीही नसतं. मी जे बोलले ते इथं लिहीत नाही. माय मागून म्हणाली, "तोंड खराब करू नको, आलंच गाव."

आलंच होतं. गावात शिरायला वरच्या रस्त्याखालून एक बोगदा आहे, बैलगाडी जाईल एवढा. समोर गावातल्या बुद्धविहारावरचा निळा झेंडा दिसला आणि मी पहिल्यांदा श्वास सोडला. मायचा डोळा आणला होता मी सुखरूप. थुंकीतून, खड्ड्यांतून, घाणीतून.

उन्हातून एकदम अंधारात शिरले आणि स्कूटीची चाकं माझ्याखालून निसटली.

हरभरा होता. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सगळ्या सिमेंटवर हरभऱ्याची वाळलेली झाडं पसरलेली. आल्या-गेल्या गाड्यांचे टायर त्याच्यावरून फिरतात, घाटे फुटतात, मळणीचं भाडं वाचतं. आमच्याकडे रस्त्यावर पीक टाकतातच. पण हा बोगदा म्हणजे गावाला लॉटरी. खाली घोटीव सिमेंट, आणि आरपार असा भणाणता वारा की सूप वर धरलं की दाणा खाली, कुटार दूर. त्या वाऱ्यात माझी भावजय स्टुलावर उभी राहून उफणत होती. हरभरा आमचाच होता.

स्कूटी आडवी झाली. वेग नव्हता, लागलं कोणालाच नाही. माय ढिगावर बसल्यासारखी बसली. पण दुपट्टा सरकला, चष्मा उडाला आणि सुपातलं सगळं कुटार वाऱ्यानं तिच्या तोंडावर आलं. हरभऱ्याच्या पाल्यावरचा आंबट खार, ती आंब, वाळली तरी झोंबते, धड कातडीलाही आग होते.

"आगं माय वं!" माय ओरडली आणि दोन्ही हातांनी डोळा चोळू लागली. मी हात धरायला धावले. हाताला कुटार चिकटलेलं, आणि ती चोळतच होती.

भाऊ पळत आला. मी त्याच्यावर तुटून पडले. "अक्कल गहाण ठेवली का बे? आज मायला आणणार माहीत नव्हतं?"

तो रडकुंडीला आला. "मायनंच सांगतलं ना ताई. ऑपरेशनले जाताना म्हने, पुलाखाली टाकजो, आपल्याले सरकारनं खळं बांधून देलं."

मायनं मान खाली घातली. उजव्या डोळ्यातून पाणी गळत होतं.

स्कूटीचं हँडल वाकडं झालं होतं. भावानं मोटारसायकल काढली, मायला मध्ये घेतलं, मागं मी. एका गाडीवर तिघं, कोणाच्याच डोक्यात हेल्मेट नाही. फटीपाशी त्यानं गाडी वळवली आणि मी मायला घट्ट धरलं. वर चढलो. खरंच, पोटातलं पाणी हललं नाही. एक पांढरी कार शेजारून गेली, काचेमागे माझ्याच वयाची एक बाई होती. तिनं आमच्याकडे पाहिलं आणि नाक मुरडलं. ते तोंड मला लगेच ओळखू आलं. रोज मी तेच करते.

मेहकरच्या अलीकडच्या दुसऱ्या फटीतून उतरून दवाखाना गाठला. डॉक्टरांनी डोळा धुतला, पुन्हा पट्टी बांधली, आणि पहिलाच प्रश्न केला, "चोळला?" मायनं कुटार चिकटलेले हात पदराखाली घेतले. डोळा राहिला, पण त्याच्यावर सारा, पांढुरका पडदा, आला तो आलाच. डाव्या डोळ्यातलाही मोतीबिंदू काढून घे म्हणून मी किती डोकं आपटलं. "राहू दे," म्हणते, "दिसते तेवढं पुरे."

यंदा पुन्हा हरभरा निघाला. रविवारी मी माहेरी गेले. बोगद्याच्या तोंडाशी सवयीनं थांबले, उतरले. आत तोच हरभरा, तसाच जवळजवळ भिंतीपासून भिंतीपर्यंत. कडेला धोंड्यावर माय राखण करत बसलेली. मला संताप आला. कडेच्या वीतभर मोकळ्या सिमेंटवरून मी स्कूटी हातानं ढकलत निघाले.

तिच्यासमोर आले. हात लांब केला असता तर तिच्या खांद्याला लागला असता. तिनं मान वर केली, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि परक्या माणसाशी बोलतात तशी अदबीनं म्हणाली,

"ओ बाई, बाजूनं काऊन जाऊन राह्यल्या? वरून घ्या ना गाडी. तेवढेच घाटे फुटतीन आमचे."