काकूंची भांडी आणि काकांची तंगडी

मिशिगनचा हिवाळा, मटण सोडा म्हणणारे इथले डॉक्टर आणि पोटची मुलगी, या तिघांनी मिळून जोर लावला तरी ज्याचा रविवारच्या जेवणाचा एकचा ठोका तसूभर हलला नाही, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. मिशिगनमधल्या आमच्या ट्रॉय गावात काका पायलीचे पन्नास आहेत, पण 'रविवारी काकांकडे' म्हटलं की 'कुठले काका?' असं कुणी विचारत नाही. अमेरिकेत आल्याआल्या ते एका अमेरिकन म्हाताऱ्या बाईंच्या घरी भाड्याने राहिले होते. त्या बाई दर रविवारी चर्चमधून आल्या की मांसाचा अख्खा तुकडा बटाट्यांसकट ओव्हनमध्ये भाजायच्या आणि बरोबर एक वाजता टेबलावर आणून ठेवायच्या. घरात असेल त्याने बसायचं, आणि बसलेल्याने मधेच उठायचं नाही. या देशातली एवढी एकच गोष्ट काकांना मनापासून पटली. "पण बाईंनी त्या बिचाऱ्या मांसाला मीठमिरी सोडून काही दाखवलंच नव्हतं," असं म्हणून त्यांनी आपल्या साताऱ्याकडच्या पद्धतीने त्यात सुधारणा केली. बोकडाची अख्खी तंगडी दही, आलं-लसूण आणि कांदा-लसूण मसाला चोळून शनिवारीच फ्रिजमध्ये जायची, आणि ग्रेव्हीच्या जागी वाटीवाटीने लालभडक रस्सा यायचा. पद्धत बाईंची, तिखट काकांचं.

एक म्हणजे एक. आपली माणसं एकला बोलावलं की एकला अंघोळीला जातात, हे काकांना पक्कं ठाऊक होतं आणि त्यांना त्याची यत्किंचितही पर्वा नव्हती. टेबलाशी कुणी असो वा नसो, एक वाजता सुरी चालायची. नव्याने आलेलं एक जोडपं एकदा हसत हसत पावणेदोनला उगवलं. काकांनी त्यांचं तोंडभरून स्वागत केलं, बसवलं, आणि पुढ्यात उरलेले बटाटे ठेवले. पुढच्या रविवारी तेच जोडपं साडेबारालाच येऊन गाडीत बसून राहिलेलं मी पाहिलं. एका जानेवारीत इतका बर्फ पडला की गाड्या बाहेर काढू नका असं टीव्हीवर सांगत होते. सकाळीच काकांचा फोन आला. "त्यांनी रस्ते बंद केलेत, ओव्हन नाही. चालत ये!" मी चालत गेले. तेव्हा मी विद्यार्थिनी होते, त्यांच्या मागच्याच गल्लीत राहायचे, आणि गंमत म्हणजे मी मटण खातच नाही.

मी जायचे ती काकूंसाठी. काकू पुण्याच्या, कडक शाकाहारी. घरच्यांचा विरोध पत्करून त्यांनी या मटणवाल्याशी लग्न केलं होतं, पण मटणाशी काही केलं नव्हतं. टेबलाच्या एका टोकाला काकू आणि मी वरणभात जेवायचो आणि दुसऱ्या टोकाला काका उभे राहून तंगडी कापायचे. आठवड्याचे सहा दिवस ओव्हनवर काकूंची सत्ता असे. आपल्या बायका अमेरिकेतल्या ओव्हनचं जे करतात तेच त्यांनी केलं होतं, म्हणजे त्याचं कपाट. कढया, तवे, कुकर, पोळ्यांचा डबा, सगळं त्यात एकात एक बसवलेलं. रविवारी सकाळी काकू स्वतः ती भांडी बाहेर काढायच्या आणि पाहुण्यांच्या खोलीतल्या पलंगावर पांढरी चादर अंथरून तिच्यावर मांडायच्या. माझ्या भांड्यांना तुमच्या तंगडीचा वारा लागायला नको, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे पाहुण्यांचे कोट बाथटबमध्ये पडायचे, पण ते कुणाला खटकत नसे. भांडी आत असली की ओव्हनच्या हँडलवर चौकड्यांचा एक नॅपकिन लटकायचा. नॅपकिन असेल तर बटणाला हात लावायचा नाही, हा काकूंचा कायदा. काकांनी जन्मभरात पाळलेला तेवढा एकच.

खरी गंमत पुढे आहे. तंगडी झाली की नाही हे काका ठरवत नसत. ते ठरवायच्या काकू, ज्यांनी तिचा कणही कधी जिभेवर ठेवला नव्हता. ओव्हनकडे पाठ करून त्या कोशिंबिरीला काकडी चोचवत बसायच्या. काका नुसतंच विचारायचे, "काय म्हणतेस?" काकू नाक जरासं वर करायच्या. "अजून दहा मिनिटं." "दहा? पाचात होईल!" "दहा." मग दहा मिनिटं काका पिंजऱ्यातल्या वाघासारखे येरझारा घालायचे, आणि मग "काढा आता" असा हुकूम यायचा. मांस हाडापासून असं सुटायचं की खाणारे डोळे मिटायचे, हे मी समोर बसून पाहिलेलं आहे. त्यांची मुलगी दूर दुसऱ्या राज्यात, पार्सिपनीला असते. तिने एकदा मांसात खुपसायचा डिजिटल थर्मामीटर पाठवला. काकांनी तो दह्याच्या विरजणाला लावला. "ज्याला बायको नाही त्याने हे वापरावं," म्हणाले.

मग काकू गेल्या. त्या आजारी पडल्या आणि फार लवकर गेल्या. मला आजही त्यावर धड लिहिता येत नाही, म्हणून लिहीत नाही.

पहिल्याच रविवारी काकांनी सगळ्यांना फोन केले. "एकला. बदल नाही." लोक गेले. दुःखाच्या घरी असं ताट वाढलेलं काहींना रुचलं नाही, तेही गेले. तंगडी हाडाजवळ लाल होती. पुढच्या खेपेला तिचं चामडं झालं. सगळे "मस्त झालंय काका" म्हणत चावत राहिले आणि हळूहळू एकेकाला रविवारी दुसरी कामं निघू लागली. काकांना कळत नव्हतं असं नाही. पण ते हरले म्हणतील तर ना! माझ्यासाठी ते वरणभात करायचे, त्यात गुठळ्या असायच्या. मी गुठळ्या खायचे आणि काकूंची रिकामी खुर्ची बघायचे नाही.

आणि मग एका रविवारी बंब आला. झालं असं, की कुण्या पाहुणीने मदत म्हणून हँडलवरचा नॅपकिन धुवायला टाकला होता. काकांनी सवयीने हँडलकडे पाहिलं, नॅपकिन नाही, म्हणजे ओव्हन रिकामा, आणि बटण फिरवलं. त्या सकाळी भांडी काढायची राहिलीच होती; आत कुकर, त्याची रबरी रिंग, तव्याची प्लास्टिकची मूठ आणि पोळ्यांचा डबा होता. मी पोचले तेव्हा घरातून काळा धूर येत होता, भोंगा बोंबलत होता आणि काका अंगणात एप्रन बांधून उभे होते. अग्निशमन दलाच्या एका धिप्पाड माणसाने विचारलं, "सर, ओव्हनमध्ये भांडी का होती?" काका इंग्रजीत गरजले, "मग कुठे ठेवायची?" आणि वर काका त्याला म्हणाले, "तंगडी अजून कच्ची आहे, पुढच्या रविवारी या. एकला."

बातमी पार्सिपनीला पोचायला वेळ लागला नाही. त्याच आठवड्यात मुलगी विमानाने आली. पोरगी बापावरच गेलेली, तिला समजूत घालणं जमत नाही, थेट निर्णयच सांगते. "बाबा, इनफ. तुम्ही माझ्याकडे मूव्ह होताय. घर विकायला लिस्ट करते मी."

"तुझ्याकडे रविवारी काय असतं?"

"मुलांचं सॉकर असतं."

"मग नाही जमणार."

"बाबा, तुम्ही घर जाळलं असतं! आणि लोक सांगतात मला, ते मटण खाण्यासारखं नसतं आता. हू आर यू डुइंग धिस फॉर?"

काका ओव्हनचं काजळलेलं दार पुसू लागले. मला त्या मुलीचा भयंकर राग आला. खरं तर ती चुकीचं काही बोलली नव्हती, त्याचाच राग आला असावा. दार पुसता पुसताच काका शांतपणे म्हणाले, "एक रविवार बघ. मग तुला काय लिस्ट करायचं ते कर."

त्या रविवारी टेबलाशी आम्ही तिघंच. वाचलेली भांडी काकांनी स्वतः पलंगावर चादर घालून मांडली होती, कुकरला नवी रिंग होती. मुलीने थर्मामीटर आणून ओट्यावर ठेवला. काकांनी तो उचलून दह्याच्या भांड्याशेजारी ठेवला. मग त्यांनी मला काकूंच्या खुर्चीवर बसायला सांगितलं. मी नको म्हटलं. "बस," ते म्हणाले. माझ्यासमोर काकडी आणि सुरी ठेवली. मी चोचवू लागले. घरभर वास पसरला होता आणि ओव्हनकडे माझी पाठ होती. मागून आवाज आला.

"काय म्हणतेस?"

मटणाच्या वासातलं मला काय कळतंय! पण वर्षानुवर्षं मी त्याच वासात काकूंच्या शेजारी बसून वरणभात जेवले होते. आधी मसाल्याचा कच्चा, नाकात जाणारा वास असायचा, मग तो बसायचा आणि भाजल्या कांद्यासारखा गोडसर व्हायचा, आणि त्यानंतर काकू बोलायच्या. तो गोडवा अजून आला नव्हता. मी नाक वर केलं.

"अजून दहा मिनिटं."

"दहा?" काकांचा आवाज जरा फाटला. "पाचात होईल!"

"दहा," मी म्हटलं.

काका येरझारा घालू लागले. मुलगी घड्याळाकडे न बघता त्यांच्याकडे बघत होती. वास फिरला तसं मी म्हटलं, "काढा आता." एक वाजून गेला होता. काकांनी पहिल्यांदाच त्याबद्दल ब्र काढला नाही. त्यांनी उभं राहून कापलं, पहिला तुकडा लेकीच्या ताटात ठेवला आणि तिच्याकडे मुद्दाम पाहिलं नाही. तिने घास घेतला. मग डोळे मिटले. मग रश्श्याची वाटी पुढे केली.

घर विकायचा विषय त्या जेवणात निघाला नाही. नंतर काका हात धुऊन खुर्चीतच पेंगले. मुलगी पाहुण्यांच्या खोलीत गेली ती बराच वेळ आलीच नाही. मला वाटलं रडत असेल. पण ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातांत आईच्या कढया होत्या, एकात एक बसवलेल्या, काकू बसवायच्या तशाच. तिने ओव्हनचं दार उघडलं, तशी काकांनी डोळे न उघडताच हाक मारली.

"अगं, गार होऊ दे आधी!"

ती थांबली. कढया कडेवर घेऊन तशीच ओव्हनसमोर उभी राहिली. मग तो गार झाल्यावर तिने एकेक भांडं आत ठेवलं, दार लावलं, आणि धुतलेला चौकड्यांचा नॅपकिन शोधून हँडलवर टाकला.