पीटीच्या बाईंनी सांभाळलेल्या तक्रारी

पीटीच्या बाई माणूस पायांपासून बघायला सुरुवात करायच्या. गुडघे वाकतात का, पोटऱ्यांत जोर आहे का, एवढं पाहून झालं की मग चेहरा. आमच्या सोसायटीत त्यांना एकही धड पाय सापडला नाही. "तुमच्याकडं सगळे बसून दमतात," असं त्या तोंडावर म्हणायच्या, आणि मी सेक्रेटरी असल्यामुळे ते मला सगळ्यांच्या वतीने ऐकून घ्यावं लागे.

बाई पालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, राहायला मैदानापलीकडच्या चाळीत. डोंबिवलीच्या आमच्या भागात मोकळी उरलेली ही एकच जागा. कागदोपत्री खेळासाठी राखीव, म्हणजे सगळ्यांची. संध्याकाळी पाचला बाईंची शिट्टी वाजली की चाळीतली मुलं खो-खोला बसत. "पळताना मागं बघायचं नाय, बाद व्हाल," हे आमच्या चौथ्या मजल्यावर स्पष्ट ऐकू येई.

आम्हा सुशिक्षितांना त्याचा त्रास व्हायचा. आमची मुलं क्लासला, आम्ही बाल्कनीत. मैदान आम्हाला हवं होतं ते वारा येण्यापुरतं. गणपतीत आमचे कर्णे दहा दिवस कोकलायचे, ती संस्कृती. जयंतीच्या सकाळी बाईंचं लेझीम सुरू झालं की तो गोंगाट. शेवटी आम्ही वर्गणी काढून मैदानाला कुंपण घातलं, फाटकाला कुलूप लावलं आणि पाटी टांगली: 'बाहेरच्यांना प्रवेश नाही'. मजकूर माझाच.

मुलं कुंपणावरून उड्या मारून येऊ लागली. मग मी पालिकेला तक्रारी लिहायला लागलो. तारीख, वेळ, मुलं किती, कोणता खेळ, सगळं तपशीलवार. शुद्धलेखनाची एक चूक दाखवून द्या. पालिकेचा माणूस दर वेळी तक्रारीची प्रत बाईंना देऊन खुलासा मागायचा. बाई प्रत घडी घालून ठेवत आणि रस्त्यात भेटल्यावर म्हणत, "सेक्रेटरी, अक्षर छान आहे हो तुमचं." मला ते कौतुक वाटायचं.

पुढे एका बिल्डरने मैदानाचं आरक्षण उठवण्यासाठी अर्ज केला. आमचा वारा आणि फ्लॅटचा भाव दोन्ही जाणार म्हटल्यावर सोसायटी खडबडून जागी झाली. ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. सुनावणीला प्रत्यक्ष आलो तिघे, कारण वर्किंग डे होता. चाळीतली माणसं मात्र रोज बुडवून बाईंबरोबर आली होती.

बिल्डरच्या वकिलाने फोटो पुढे सरकवला. कुलूप आणि माझी पाटी. "इथे कोणी खेळतच नाही साहेब. रहिवाशांनीच बंद ठेवलंय." अधिकाऱ्याने आमच्याकडे पाहिलं. आम्ही तिघे पंख्याकडे पाहत राहिलो.

बाई उठल्या. पिशवीतून माझ्या तक्रारी काढून टेबलावर एकावर एक ठेवत गेल्या. "आमची पोरं रोज खेळतात. आमचं खरं मानू नका साहेब, यांचं माना. सहा वर्षांचं लिहून दिलंय, तारखेसकट."

आरक्षण राहिलं. सोसायटीने बाईंना शाल-श्रीफळ द्यायचं ठरवलं. "सत्कार राहू द्या, फाटक उघडा," बाई म्हणाल्या. त्यावर मीटिंग झाली. मैदान इतक्या कष्टाने वाचवलंय तर आता जपायला नको का, असं ठरून आणखी मजबूत कुलूप आलं. विरोधात मी एकटा. माझं सेक्रेटरीपद गेलं. बरं झालं.

गेल्या वर्षी बाई वारल्या. त्या होत्या तोवर मी त्या मैदानात एकदाही उतरलो नाही, याची लाज वाटते. त्यांनी शिकवलेल्या मोठ्या मुली आता खेळ घेतात, मुलं अजून कुंपणावरूनच येतात. बिल्डर पुन्हा अर्ज करणार हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून मी दर महिन्याला न चुकता तक्रार लिहितो: अमुक वाजता, इतकी मुलं, असह्य आरडाओरडा. देण्याआधी कच्चा कागद चाळीत बाईंच्या सुनेला दाखवून येतो.

परवा तिने वाचला आणि माझ्या हातात परत दिला. "काका, तुम्ही पोरी धरल्याच नाहीत. त्यापण खेळतात."

मी तिथेच पायरीवर बसून कागद पुन्हा लिहिला.