पडलेलं पोर कुणाकडे धावतं

माकडाचा माणूस कसा झाला हे दुसऱ्याच्या ओसरीवर बसून, चहा पीत शोधणारा गृहस्थ उभ्या वऱ्हाडात एकच झाला, आणि तो नेमका ह्यांचा आतेभाऊ निघाला. नागपुरात शिकून भाऊजी मानववंशशास्त्रज्ञ झाले होते. संशोधनासाठी आमच्या दिग्रसच्या घरी आठ दिवसांच्या बोलीवर आले आणि दोन वर्षं राहिले. भाचा साहेब झाला, आता जीपगाडी येईल, चपराशी येईल, असं सासूबाईंना वाटलं होतं. भाऊजींबरोबर आली ती एक पिशवी आणि एक छत्री. माणूस हत्यारांनी, विस्तवाने घडला म्हणतात, पण ते सगळं नंतरचं, असं भाऊजींचं म्हणणं. माणसाचं पोर एकट्या आईच्यानं वाढत नाही, ते दहा हातांतून फिरतं, म्हणून माणूस माणूस झाला.

त्यामुळे लग्नात भाऊजी पंगत सोडून रडणाऱ्या पोरांच्या मागे. मोटार स्टँडवर कोणतं पोर कुणाच्या कडेवर चढतं हे न्याहाळताना त्यांना पोरं पळवणारा म्हणून हवालदाराने धरलं. ह्यांनी चौकीवर जाऊन सोडवलं, तोवर भाऊजींनी हवालदाराच्या बायकोला नणंदा किती, ह्याची चौकशी पुरी केली होती. कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला नेलं, तर देवाकडे पाठ करून झाडावरच्या वानरांकडे बघत बसले. "मामी, वानरीनंबी पिल्लू शेजारणीच्या हाती देल्लं!" हे त्यांनी अशा कौतुकाने सांगितलं की सासूबाई भडकल्याच. "मंग मलेबी तू वानरीच समजतं काय रे?" भाऊजी विचारात पडले. खोटं बोलणं त्यांना जमतच नसे. एकदा बोरी अरबच्या बाजारात मिरच्या निवडायला हात मोकळे हवेत म्हणून एका बाईने आपलं तान्हं त्यांच्याकडे दिलं. बाजार उठेस्तोवर भाऊजी ते घेऊन उभे. सदऱ्याची दशा झालेली, पण चेहरा परीक्षेत पहिला आल्यासारखा. "वहिनी, तिनं माहं नावबी नाही इचारलं!"

त्यांचा नियम मात्र एकच आणि कडक. पाहायचं, पण ज्या घरात पाहिलं तिथे सांगायचं नाही. "सांगतलं का मानूस नाटक कराले लागते, वहिनी. मंग सारी मेहनत पाण्यात."

माझ्या थोरल्या जाऊबाईंना मूल नव्हतं. बायको असताना दुसरी करायला सरकारने नुकतीच बंदी घातली होती, पण सरकारचे कायदे आमच्या माजघरात पोचायला वेळ लागे. एका दुपारी सासूबाईंनी घरची माणसं जमवली. जाऊबाईंना कायमचं माहेरी धाडायचं आणि थोरल्या दिरांचं पुन्हा लग्न लावायचं, हे त्यांनी ठरवलंच होतं. दीर मान खाली घालून बसले. जाऊबाई दाराआड उभ्या होत्या.

"लेकरू नाही तिले," सासूबाई म्हणाल्या. "तिचं काय हाय या घरात?"

कोपऱ्यातून भाऊजी उठले. एरवी वानरांवर तासभर बोलणारा माणूस, आज मोजकंच बोलला. "मामी, दोन वर्सं मी हेच पाहून राह्यलो. या घरातलं कोणतंबी पोर पडलं, भेलं, का थोरल्या वहिनीकडेच धावते. तिचंच काही नाही म्हनता, तं मंग कोनाचं काय हाय इथं?" मग ते माझ्याकडे वळले. "खोटं वाटत असन तं पोरायच्या मायलेच इचारा."

सगळे माझ्याकडे बघू लागले. घरातली तिन्ही पोरं माझी. ठेच लागली की मला ओलांडून जाऊबाईंकडे पळायची, आणि ते मला रोज दिसायचं, रोज मनाला लागायचं. भरल्या माजघरात ते कबूल करायला लावलं म्हणून भाऊजींचा असा राग आला म्हणता! पण दाराआड जाऊबाईंच्या बांगड्याही वाजत नव्हत्या.

"खरं हाय," मी म्हटलं. "माही पोरं त्यायचीबी हायेत. त्यायले धाडू नका."

 सासूबाई पदर खोचत उठल्या. "चाला, पानं घ्या. पोरं उपाशी हायेत." तो विषय पुन्हा निघाला नाही.

भाऊजींच्या संशोधनाचं मात्र वाटोळं झालं. ते ओसरीवर दिसले की जो तो पोरं उचलू लागला. जन्मात तान्हं हातात न धरलेले मामंजीसुद्धा धाकटीला कडेवर घेऊन त्यांच्यासमोर येरझाऱ्या घालायचे. "मामा, ठेवा आता तिले खाली," म्हणत एक दिवस भाऊजींनी पिशवी उचलली. दोन वर्षांची मेहनत त्यांनी जाणूनबुजून घालवली आणि कधी चुकचुकले नाहीत. विद्वान मी पुढेही पाहिले, पण एवढ्या मनाचा माणूस पाहिला नाही.

आता भाऊजी नाहीत, जाऊबाईही नाहीत. परवा मोरीत माझा पाय घसरला. घरात सुना आहेत, मोठी नातवंडं आहेत, पण तोंडून हाक निघाली ती "जाऊबाई!" अशी. सून धावत आली आणि कुणाला बोलावता म्हणून विचारत राहिली. भाऊजींनी विचारलं नसतं.