कार्बोरेटरवरचा ठिपका

मुकुंदवाडी स्टेशनजवळच्या त्या मिस्त्रीकडं मी दोन वर्षं जातोय, पण त्याच्यावर माझा भरवसा बसलेला नाही. काही विचारलं की तो “बघू ना” म्हणतो आणि आपली रुंद पाठ माझ्या नि इंजिनाच्या मधे आणतो. मग मान न वळवताच सांगतो, “चहा पिऊन या, साहेब. मालक डोक्यावर उभा असला की आपला हात चालत नाय.”

माझी गाडी म्हणजे सासऱ्यांनी दिलेली दोन सीटांची जुनी स्पोर्ट्स कार. परवा तिचा चोक ओढला तो ओढलेलाच राहिला आणि गाडी काळा धूर ओकू लागली. तिचा अस्सल कार्बोरेटर आता कुठंच मिळत नाही. चोकच्या निमित्तानं यानं तोच बदलला तर? म्हणून निघण्याआधी बायकोचं लाल नेलपॉलिश घेऊन कार्बोरेटरच्या खालच्या अंगाला बारीक ठिपका लावला.

चहा पिऊन आलो, तर चोकची मूठ अलगद आतबाहेर होत होती. रुमाल पाडून मी खाली वाकलो. ठिपका जागेवर होता. चोकच्या नव्या केबलवरही तसाच लाल ठिपका होता.

“तिला बी लावला,” फडक्याला हात पुसत तो म्हणाला. “खूण करणारे लई येतात, साहेब. म्हणून बाटली ठेवलीय.”

मी ओशाळून हसलो आणि निघालो. गाडी सुरेख चालत होती. शहागंजपर्यंत आलो आणि एकदम मनात आलं, बाटली त्याच्याकडंही आहे. मग कार्बोरेटरवरचा ठिपका माझाच कशावरून?