हुपरीच्या भट्टीत वितळलेला फ्रान्सचा राजा

आधीच सांगतो — भूत, भानामती, अंगारे-धुपारे असलं काहीही मी मानत नाही. बिंदू चौकात उभं राहून याविरुद्ध पत्रकं वाटणारा माणूस आहे मी. बुवाच्या मांडवात घुसून प्रश्न विचारल्याबद्दल धक्काबुक्कीही खाल्लीय. तेव्हा खालचं वाचून मला 'सुधारला बघा' म्हणायला येऊ नका. जे बघितलं ते लिहितोय, बस्स.

आमचे बाळूकाका शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत होते, आता रिटायर. नाद एकच — फ्रान्सच्या राजांची चांदीची नाणी. मी भांडायचो, "ज्याचं मुंडकं लोकांनी उडवलं, त्याला काय कापसात जपताय?"

"मुंडकं उडवलं म्हणूनच की रं! सोळावा लुई हाय ह्यो."

हे नाणं त्यांना कुरुंदवाडच्या एका घरातून मिळालेलं. जाडजूड, मधोमध राजाचा गुबगुबीत चेहरा. तिथं कुणीतरी ते हारात ओवलेलं, म्हणून डोक्यावर कडी कापल्याचा डाग. शिवाय गालावर तिरका चरा.

यंदा काकांना नात झाली. आमच्यात बाळाची पहिली चांदी घरातल्या मोडीतूनच घडवतात. बारशाच्या तोरड्यांसाठी काकूनं जुनी जोडवी, मोडका करंडा, वाकडे चमचे असं सगळं गोळा करून हुपरीच्या कारागिराकडं धाडलं... आणि तिनंच पुसायला बाहेर काढलेला राजाही त्याच पिशवीत गेला!

कळल्या कळल्या मी गाडी काढली. कारागीर फोन उचलत नव्हता. पोचलो तेव्हा चांदीची मूस भट्टीत चढलेली. वाकून बघितलं — लुई नाकापर्यंत बुडालेला. मी ओरडलो.

"पावणं, आता काय काढताय? पातळ झालं की!"

माझ्या डोळ्यांदेखत राजा गेला. दुसऱ्यांदा!

काका ओरडले नाहीत, तेच वाईट. काकूशी बोलणंच टाकलं. तिच्या हातचा चहासुद्धा बंद. काकू मला म्हणायची, "चार शिव्या हाणा म्हणावं, पर बोला म्हणावं..." मला काकांचा संतापच आला. चांदीच्या एका तुकड्यापायी बायकोला ही शिक्षा? तोंडावर बोललो. बारशाला येणार की नाही, तेही सांगेनात.

शेवटी आले. मागच्या खुर्चीत बसले.

बाळाच्या पायात तोरड्या घातल्या. पोरगी अशी पाय झाडायला लागली की सगळा हॉल हसायला लागला. पाळणा म्हणून झाला आणि विहीणबाईंनी काकूची ओटी भरली — खण, नारळ, ओंजळभर तांदूळ, वर एक रुपया. समोर उभा राहून व्हिडिओ मीच काढत होतो.

"अगं बाई, पदर एवढा जड कशानं?" म्हणत काकूनं ओटी सावरली, आणि तांदळातून काहीतरी खणकन फरशीवर पडलं.

लुई. डोक्यावर कडीचा डाग, गालावर चरा.

"मी रुपया घातलावता की!" विहीणबाई घाबऱ्याघुबऱ्या. रुपयाही पदरातच होता!

काका खुर्ची पाडून धावत आले. नाणं उचललं, उलटंपालटं केलं आणि काकूकडं बघून गडगडाटी हसले, "अगं, आला बघ!" मग जिलेबी घेऊन सगळ्यांसमोर तिला भरवली. शिट्ट्या काय, टाळ्या काय... काकू लाजून लाल, वर म्हणते, "आता बरं तोंड उघडलं!"

मी गप्प बसणारा नव्हे. कारागीर खोटारडा म्हणावं, तर वितळताना मीच बघितलेलं. तोरड्यांचं वजन करवलं — मोडीएवढंच भरलं, राजासकट. दुसरं नाणं म्हणावं, तर तोच डाग, तोच चरा कुठून आणायचा? व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला... नुसते तांदूळ पडताना दिसतात.

नवस केला नाही, हातही जोडले नाहीत. हल्ली नाणं कुठं ठेवायचं यावरून दोघं रोज भांडतात. काका म्हणतात, "तुझ्या कपाटात ठेव." काकू म्हणते, "नगं! परत पुसायला काढीन मी." ते भांडण ऐकायला मी मुद्दाम जातो. नाणं परत आलं कसं, ते मात्र मला आजही सांगता येत नाही.