मंडईच्या गर्दीत बसलेला सर्व्हर

मित्रहो, दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, रात्री नाटक असतं. कुठे कोणतं, ते माझ्या साइटवर कळतं. आज गर्दी झाली आणि साइट बंद!

लाखांदूरहून साळ्याचा फोन. “भाऊजी, काहून खुलून नाही राहिली? पाहुणे तयार होऊन बसले. आतातरी मोठा सर्व्हर घ्या!”

“मोठा कायले पाहिजे?”

माझा १२८ एमबीचा आहे. सगळी मेमरी डेटाबेस खात होता. तो बंद केला आणि सगळी गावं-नाटकं एका साध्या पानावर हाताने टाइप केली.

“आता भर्रकन खुलते,” साळा म्हणाला, “पण दिसते जुनाट.”

साकोलीच्या सायबर कॅफेत, मांडीवर एचटीएमएलचं पुस्तक ठेवून, माझं पहिलं वेबपान मी असंच लिहिलं होतं. पडद्यावर आपल्या गावाचं नाव बघत बसलो होतो. आजही बसलो.

तुम्ही तुमच्या पहिल्या पानावर काय लिहिलं होतं?